हार्डर कुल्म : इंटरलाकेनहून फ्युनिक्युलरने जायचा दिवस कसा आखायचा

स्वित्झर्लंडला जाणारी बहुतेक मराठी कुटुंबं इंटरलाकेनला एक-दोन रात्री राहतात किंवा निदान तिथून गाडी बदलतात. सहलीच्या आखणीत बहुतेक वेळा यूंगफ्राऊयोख, म्हणजे रेल्वेने गाठता येणारी उंच बर्फाळ खिंड, असतेच. गावाच्या डोक्यावर असलेला हार्डर कुल्म मात्र राहून जातो, नाहीतर दुपारच्या मोकळ्या वेळात कसाबसा उरकला जातो. १,३२२ मीटर उंचीच्या या ठिकाणाहून आयगर, मोंख आणि यूंगफ्राऊ ही तीन शिखरं आणि थुन व ब्रिएंझ ही दोन सरोवरं एकाच जागी उभं राहून दिसतात. फ्युनिक्युलरने, म्हणजे तीव्र चढावर दोराने ओढल्या जाणाऱ्या रेल्वेने, वर जायला दहा मिनिटं लागतात. पण कोणत्या वेळी वर जाता, त्यावर सगळं अवलंबून आहे. म्हणून दिवस आखताना आधी वरची वेळ ठरवा, मग बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवा.

वर जायची योग्य वेळ

हार्डर दरीच्या उत्तर बाजूला आहे आणि शिखरं दक्षिणेला, थोडी पूर्वेकडे झुकलेली. त्यामुळे सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान सूर्य नेमका शिखरांच्या मागे-वर असतो. डोंगर काळपट दिसतात, फोटोत आकाश पांढरं फटक येतं. दुपारी ऊन डोक्यावर असतं, दरीत धूसरपणा साचतो आणि उन्हाळ्यात शिखरांवर ढग जमू लागतात. चारच्या पुढे सूर्य पश्चिमेकडे कलला की ऊन बर्फाच्या उतारांवर तिरपं पडतं, घड्या आणि कडे वेगवेगळे दिसायला लागतात. सूर्यास्ताआधीचा दीड तास सर्वांत उत्तम.

सकाळच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायला हवी : उन्हाळ्यात आकाश सकाळीच जास्त स्वच्छ असतं. दुपारनंतर गडगडाटी पावसाचा अंदाज असेल तर संध्याकाळचा हट्ट सोडा आणि पहिल्या-दुसऱ्या गाडीने वर जा. मागून प्रकाश आलेली शिखरं दिसणं, शिखरं मुळीच न दिसण्यापेक्षा केव्हाही बरं.

आपल्याकडच्या सुट्ट्यांचा हिशेब असा. मे महिन्यात सूर्यास्त रात्री पावणेनऊ ते सव्वानऊच्या दरम्यान होतो, शिखरांवर भरपूर बर्फ असतं, पण हवा लहरी असते. दिवाळीच्या सुट्टीत चित्र उलटं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि त्यानंतर पाच-सव्वापाचलाच सूर्य मावळतो. ब्रिएंझ सरोवरातल्या बोटींचा हंगामही तोवर संपत आलेला किंवा संपलेला असतो. हार्डरची गाडी हिवाळ्यात काही काळ बंद राहते आणि चालू-बंदच्या तारखा दरवर्षी बदलतात. म्हणून नोव्हेंबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतच्या प्रवासात हॉटेल आरक्षित करण्याआधी गाडीच्या तारखा तपासा. आमच्या मते सप्टेंबर सगळ्यात चांगला : हवा स्थिर, गर्दी जुलै-ऑगस्टपेक्षा कमी आणि सूर्यास्त सात ते सव्वाआठच्या दरम्यान, म्हणजे मुलंही जागी असतात.

आदल्या रात्री आणि त्याच सकाळी काय बघायचं

मोबाईलवरचं नेहमीचं हवामान ॲप इंटरलाकेन गावाचं तापमान आणि ढगाचं चित्र दाखवतं. त्यावरून वर काय दिसेल ते कळत नाही. स्विस हवामान खात्याचं ॲप घ्या, त्यात ताशी पाऊस आणि विजांचा अंदाज मिळतो. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे हार्डर कुल्मचा वेबकॅम. तिकीट काढण्याआधी पाच मिनिटं तो बघा आणि तीन प्रश्नांची उत्तरं शोधा : शिखरं दिसताहेत का, दोन्ही सरोवरं दिसताहेत का, आणि हार्डरचा माथाच ढगात आहे का. शिखरं झाकलेली पण सरोवरं मोकळी असतील तर जाण्यात अर्थ आहे, कारण ढग अर्ध्या तासातही फाटतात. माथाच ढगात असेल तर वर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसणार नाही. शरद ऋतूत कधी याच्या उलट घडतं. खाली दाट धुकं आणि वर लख्ख ऊन. त्या दिवशी गावातून वर बघून निर्णय घेतला तर चुकतो.

कधी दक्षिणेकडून फ्योन नावाचा कोरडा, उबदार वारा सुटतो. त्या दिवशी शिखरं हाताच्या अंतरावर आल्यासारखी स्पष्ट दिसतात, पण कड्यावर वारा जोराचा असतो आणि सरोवरातल्या बोटींचं वेळापत्रक कोलमडू शकतं. हार्डरला जायला दिवस छान, बोटीच्या भरवशावर राहायला नाही.

इंटरलाकेनला पोचणं : ओस्ट की वेस्ट

इथे सर्वाधिक चुका होतात. इंटरलाकेनला दोन स्टेशनं आहेत, वेस्ट आणि ओस्ट, म्हणजे पश्चिम आणि पूर्व. दोन्हींमध्ये सुमारे दोन किलोमीटर अंतर. बर्नकडून येणारी गाडी आधी वेस्टला थांबते, मग ओस्टला संपते. इंटरलाकेन नाव दिसलं की लोक घाईने वेस्टलाच उतरतात. हार्डरसाठी ओस्टलाच उतरायचं. चुकून वेस्टला उतरलात तर पुढची गाडी पकडा किंवा होहेवेग या मुख्य रस्त्याने सरळ चालत या, पंचवीस मिनिटं लागतील. वाटेत होहेमाट्टेचं मोठं हिरवं मैदान लागतं, तिथे पॅराग्लायडर उतरत असतात. कुरसाल कॅसिनोच्या परिसरात यश चोप्रांचा पुतळाही आहे.

बर्नहून ओस्टला पाऊण ते एक तास, झ्युरिकहून साधारण दोन तास, ल्युसर्नहून ब्र्युनिग खिंडीच्या मार्गाने दोन तासांना थोडं कमी. ल्युसर्नची गाडी ओस्टलाच येते, तिथे गोंधळ नाही.

दुसरी गल्लत नावांची. वेस्ट स्टेशनजवळ हाइमवेफ्लू नावाची आणखी एक छोटी फ्युनिक्युलर आहे, ती बरीच कमी उंचीवर जाते. शिनिगे प्लाट्टेला जाणारी गाडी विल्डर्सविलहून सुटते आणि ती दातेरी रुळांवर चालते. थुन सरोवराच्या बाजूला म्युलेनेनहून २,३६२ मीटरच्या नीसेनवर जाणारी लांबलचक फ्युनिक्युलर आहे. सगळी ठिकाणं चांगली आहेत, पण नकाशात ‘इंटरलाकेन फ्युनिक्युलर’ एवढंच टाकलं तर भलतीकडे जाल. ‘हार्डरबान’ (हार्डरच्या गाडीचं नाव) असं शोधा.

ओस्ट स्टेशनातून बाहेर पडून आरे नदीवरचा पूल ओलांडला की पायथ्याचं स्टेशन येतं. पाच-सात मिनिटांची सपाट वाट आहे, टॅक्सी लागत नाही. शेजारीच आल्प्समधल्या प्राण्यांचं छोटं उद्यान आहे. आयबेक्स (वळणदार शिंगांच्या रानबकऱ्या) आणि मार्मोट (बिळात राहणारे, खारीच्या कुळातले प्राणी) तिथे फुकट बघता येतात. मुलं सोबत असतील तर गाडीची वाट बघायला याहून चांगली जागा नाही.

तिकीट आणि सवलती

येण्या-जाण्याचं पूर्ण तिकीट हंगामाप्रमाणे ४० फ्रँकच्या आसपास पडतं. यूंगफ्राऊयोखच्या तिकिटाला इंटरलाकेनहून २०० फ्रँकच्या वर लागतात, त्यामानाने हे बरंच स्वस्त. स्विस ट्रॅव्हल पास (देशभरच्या रेल्वे, बस, बोटींचा पर्यटक पास) किंवा हाफ फेअर कार्ड (निम्म्या दराचं सवलत कार्ड) असेल तर निम्मं तिकीट. ‘पास आहे म्हणजे सगळं फुकट’ या समजुतीने फाटकाशी अडणारे बरेच असतात, म्हणून हे आधीच लक्षात ठेवा : इथे पासवर सवलत आहे, मोफत प्रवास नाही. फक्त या परिसरासाठी असलेल्या यूंगफ्राऊ ट्रॅव्हल पासमध्ये मात्र हार्डरचा समावेश असतो. इंटरलाकेन परिसरात तीन-चार दिवस फिरणार असाल तर दोन्ही पासांनी एकूण किती खर्च येतो ते मांडून तुलना करा.

सहा वर्षांखालची मुलं फुकट. सहा पूर्ण झालेल्या पण सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी स्विस फॅमिली कार्ड मागून घ्या. आई-वडिलांकडे पास किंवा हाफ फेअर कार्ड असेल तर ते विनामूल्य मिळतं आणि मुलांचं तिकीट वाचतं. पास घेताना मागायचं राहिलं की प्रत्येक ठिकाणी पैसे मोजावे लागतात.

तिकीट शक्यतो वेबकॅम बघून, त्याच दिवशी काढा. चार-सहाजणांच्या कुटुंबाला आठवडाभर आधी काढून ठेवण्याचा फायदा नाही आणि हवा बिघडली तर पैसे अडकतात. मोठा गट असेल तरच आधी कळवून जागा ठरवून घ्या.

गाडी कशी चालते, आणि त्यावरून कुठे बसायचं

वणीच्या सप्तशृंगी गडावर २०१८ मध्ये सुरू झालेल्या ट्रॉलीत बसलेल्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. हार्डरची गाडी १९०८ पासून चालू आहे. मार्ग सुमारे १.४ किलोमीटरचा, चढ साडेसातशे मीटरच्या घरात, आणि सर्वांत तीव्र जागी शंभर मीटर पुढे गेलं की ६४ मीटर वर जावं इतका कल.

विहिरीच्या कप्पीवर एकाच दोराला दोन बादल्या बांधाव्यात तसे एका पोलादी दोराच्या दोन टोकांना दोन डबे. एक उतरतो तेव्हा दुसरा चढतो. उतरणाऱ्याचं वजन चढणाऱ्याला मदत करतं आणि मोटरला फक्त दोन्ही डब्यांतल्या वजनाचा फरक आणि घर्षण सांभाळावं लागतं. रूळ एकच, फक्त मध्यावर दुहेरी. तिथे सांधा बदलणारा माणूस नसतो आणि हलणारी पातही नसते. डब्याच्या एका बाजूच्या चाकांना आतून-बाहेरून दोन्हीकडे कड असते, ती रूळ धरून ठेवते. दुसऱ्या बाजूची चाकं रुंद आणि बिनकडेची, ती मध्ये आलेल्या रुळांवरून आणि दोराच्या फटीवरून सहज सरकतात. एका डब्याची कडेची चाकं डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे, म्हणून प्रत्येक डबा कायम आपल्याच बाजूने वळतो. मध्यावर आलात की खिडकीतून समोरच्या डब्याची चाकं बघा, दोन सेकंदांत सगळं समजेल.

यातून दोन व्यवहाराच्या गोष्टी निघतात. एक, दोन्ही डबे बांधलेले असल्यामुळे खालच्या दारात कुणी ‘आमची माणसं येताहेत’ म्हणून उभं राहिलं तर वरचा डबाही अडतो. त्यामुळे दारं वेळेवर बंद होतात, सगळे एकत्र आल्यावरच फाटकातून आत जा. दोन, डबा पायऱ्या-पायऱ्यांचा आहे. चढताना सर्वांत खालच्या कप्प्यात, मागच्या काचेशी उभे राहिलात तर गाव आणि सरोवर खाली जाताना दिसतं. वरच्या टोकाला रूळ आणि झाडी दिसते. मार्गाचा बराच भाग जंगलातून जातो, तेव्हा दृश्य तुटक मिळेल, त्याची काळजी करू नका. बाबागाडी असेल तर घडी करून ठेवा. गुडघे दुखणाऱ्यांनी चढण्याआधीच जवळचा कप्पा बघावा, आत आल्यावर एका कप्प्यातून दुसऱ्यात जाता येत नाही.

गाड्या साधारण दर अर्ध्या तासाने असतात, गर्दीत जास्त सोडतात.

वर पोचल्यावर

वरच्या स्टेशनपासून झाडीतून पाच मिनिटं हलक्या चढाने चालायचं. वाट पक्की आहे, पण पावसानंतर निसरडी होते, चपला नकोत. पुढे मनोऱ्यासारखं टोकदार छप्पर असलेलं जुनं रेस्टॉरंट येतं आणि त्याच्यापुढे कड्याबाहेर झेपावलेला त्रिकोणी सज्जा. ‘दोन सरोवरांचा पूल’ असं त्याचं नाव, २०११ मध्ये बांधला. टोकाशी पायाखाली काचेचा भाग आहे.

सज्ज्यावर फोटोसाठी रांग लागते. वर आल्याआल्या त्यात उभे राहू नका. आधी रेस्टॉरंटच्या बाजूच्या कठड्यावरून दृश्य नीट बघा, एका गाडीतून आलेला घोळका दहा-पंधरा मिनिटांत पांगतो. पुढची गाडी यायच्या आत सज्जा मोकळा मिळतो.

आता समोर बघा. डावीकडून उजवीकडे आयगर (३,९६७ मीटर), मोंख (४,११०) आणि यूंगफ्राऊ (४,१५८). मोंख आणि यूंगफ्राऊच्या मधल्या खोलगट खांद्यावर यूंगफ्राऊयोख आहे. दुर्बीण असेल तर तिथल्या वेधशाळेचा ठिपका सापडतो, आणि दुसऱ्या दिवशी तिथे जाणार असाल तर मुलांना तो शोधायला लावा. डाव्या हाताचं सरोवर ब्रिएंझ, दुधाळ हिरवट-निळं. उजवीकडचं थुन, जास्त गडद. हिमनद्यांनी खडक दळून केलेली बारीक पूड नद्यांबरोबर आधी ब्रिएंझमध्ये येते. ती पाण्यात तरंगत राहून प्रकाश विखुरते, म्हणून तो रंग. बरीचशी पूड तिथेच तळाला बसते आणि थुनपर्यंत पाणी निवळून जातं. पायाखालचं सपाट गाव म्हणजे नद्यांनी आणलेला गाळच. एकेकाळी इथे एकच लांब सरोवर होतं, गाळाने ते मधोमध भरून आलं आणि दोन झाली.

उंची महाबळेश्वरपेक्षाही थोडी कमी, त्यामुळे विरळ हवेचा त्रास होत नाही. रक्तदाब किंवा वयामुळे यूंगफ्राऊयोख टाळणाऱ्या आजी-आजोबांना बर्फाची शिखरं दाखवायला ही जागा म्हणूनच योग्य. थंडी मात्र धरून चाला. गावापेक्षा वर चार-पाच अंशांनी गार असतं आणि सूर्य गेल्यावर वारा बोचतो. जुलैतही प्रत्येकाकडे एक जाड जाकीट हवं, लहान मुलांना टोपी.

खाण्याचं : रेस्टॉरंटमध्ये शाकाहारी पदार्थ मोजकेच असतात आणि भाव पर्यटनस्थळाचे. सूर्यास्ताच्या वेळी खिडकीजवळचं टेबल हवं असेल तर आधी सांगून ठेवा. नाहीतर ओस्ट स्टेशनसमोरच्या सुपरमार्केटमधून पाव, चीज, फळं, दही घ्या, सोबत घरचे ठेपले किंवा चिवडा. रेस्टॉरंटच्या टेबलांवर बाहेरचं खाता येत नाही, बाकांवर खा आणि कचरा परत आणा. पाण्याच्या बाटल्या खालीच नळावर भरा, नळाचं पाणी पिण्याचंच असतं.

वर दीड तास पुरतो. सूर्यास्त बघायचा असेल तर दोन ते अडीच धरा.

उतरणं

सूर्य मावळला की सगळे एकदम स्टेशनकडे निघतात, आणि डबा एका वेळी ठरावीक माणसंच घेतो. दुसऱ्या, कधी तिसऱ्या फेरीला नंबर लागतो. म्हणून परतीच्या रेल्वेपासून उलटा हिशेब करा : सज्ज्यापासून स्टेशन ५ मिनिटं, रांग आणि थांबणं ३० ते ६०, उतरणं १०, ओस्टपर्यंत १०. म्हणजे रेल्वे सुटायच्या दीड तास आधी सज्जा सोडायचा. शेवटच्या डब्याची वेळ वर चढतानाच फलकाचा फोटो काढून ठेवा, हंगामाप्रमाणे ती बदलते. शेवटच्या डब्यावर विसंबू नका, त्याच्या आधीचा धरा.

एक बारकावा : सूर्य क्षितिजाआड गेल्यावर लगेच निघू नका. खाली दरीत अंधार दाटला तरी उंच शिखरांवर काही मिनिटं गुलाबी प्रकाश राहतो. पंधरा मिनिटं थांबलात तर तो मिळतो, आणि पहिल्या गर्दीची फेरीही निघून जाते.

पायी उतरायचं असेल तर वाट खुणा केलेली आहे, दोन तास धरा. पण उतार सतत तीव्र आहे, झाडांची मुळं आणि सुटे दगड आहेत. ओल्या दिवशी आणि अंधार पडायच्या बेतात नको. माथ्यावरून आउग्स्टमाटहॉर्न शिखराकडे जाणारी कड्याची वाट दिसेल, ती अनुभवी डोंगरभटक्यांसाठी आणि पूर्ण दिवसाची आहे, ‘थोडं पुढे जाऊन बघू’ म्हणत तिच्यावर जायचं नाही. वीज कडकडायला लागली तर सज्जा सोडून लगेच इमारतीत या.

ल्युसर्नहून दिवसभराची आखणी

सकाळी आठच्या सुमारास इंटरलाकेनची गाडी घ्या, पण शेवटपर्यंत न जाता ब्रिएंझला उतरा, दीड तासात पोचता. बोटीचा धक्का स्टेशनला लागूनच आहे. तिथून गीसबाखच्या धक्क्याला जाणारी बोट. गीसबाखला धबधबा आहे, सरोवराकाठून हॉटेलपर्यंत चढणारी १८७९ ची फ्युनिक्युलर आहे. लांबी साडेतीनशे मीटर, चार मिनिटांचा प्रवास. एकेरी रुळावर मध्यावर दोन डबे आपोआप बाजूने जाण्याची सोय इथेच पहिल्यांदा केली गेली (चाकांची वर सांगितलेली रचना थोडी नंतरची), म्हणून हार्डरच्या आधी ही गाडी बघणं फार छान जमतं. धबधब्यामागून जाणारी पायवाट करा, कॅमेरा पिशवीत ठेवा. दोन तास पुरतात.

मग पुढची बोट इंटरलाकेन ओस्टपर्यंत, तासाभराचा प्रवास, धक्का स्टेशनजवळच. स्विस ट्रॅव्हल पासवर बोट मोफत. बोटी दिवसाला मोजक्याच, एक चुकली की बराच वेळ धक्क्यावर बसावं लागतं. गीसबाखला उतरल्याक्षणी परतीच्या बोटीची वेळ बघा आणि तिच्या वीस मिनिटं आधी फ्युनिक्युलरने खाली या. ओस्टला दुपारी दोन-तीनपर्यंत पोचलात की खरेदी, खाणं, वेबकॅमवर एक नजर आणि चार-पाचच्या दरम्यान हार्डरची गाडी.

परतताना ल्युसर्नकडची थेट शेवटची गाडी तुलनेने लवकर सुटते. सूर्यास्तानंतर उतरणार असाल तर बर्नमार्गे जायची तयारी ठेवा, दोन-सव्वादोन तास लागतात. स्विस रेल्वेच्या ॲपमध्ये दोन्ही पर्याय सकाळीच साठवून ठेवा.

सामूहिक सहलीबरोबर आलेल्यांना एवढा मोकळा दिवस मिळत नाही. यूंगफ्राऊयोखहून परतल्यावर इंटरलाकेनला मुक्काम असेल, तर ती संध्याकाळ हार्डरला द्या. चार-पाचला गावात पोचलात, सहाच्या गाडीने वर गेलात तरी उन्हाळ्यात सूर्यास्ताला तीन तास असतात. बसचा मार्गदर्शक हॉटेलात जेवणाची वेळ सातची सांगेल, त्याला सकाळीच कळवा, जेवण बांधून मिळू शकतं.